नळ, वॉशर आणि बारवीचं पाणी

(बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या शेतघरात झालेल्या आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना फारसा बदल केलेला नाही.)



मला भाषणाची सवय नाही. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत एकदाच उभा राहिलो होतो आणि दुसऱ्या वाक्याला अडकून खाली बसलो होतो, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. नसेल आठवत तर सकाळपासून मला त्यावरून चिडवणाऱ्यांनी आठवण करून दिलीच आहे. पण संयोजकांनी सांगितलं की, ‘तुझं हार्डवेअरचं दुकान आहे, तू सोसायटीत पाण्याचं काहीबाही करतोस, त्यावर पंधरा मिनिटं बोल. पर्यावरण वगैरे.’ हे ‘वगैरे’ मला आवडलं. पर्यावरणावर मला बोलता येणार नाही, वगैरेवर येईल.

सुरुवात भूगोलाच्या बाईंपासून करतो. बाई, तुम्ही आम्हाला आठवीत असताना याच रस्त्याने बारवी धरणावर सहलीला आणलं होतं. एसटीची लाल गाडी, डब्यात पुरी-भाजी, आणि मुळगावच्या खंडोबाची टेकडी दिसली की ‘येळकोट येळकोट’ची आरोळी. धरणाच्या भिंतीपाशी उभं करून तुम्ही विचारलं होतं, ‘तुमच्या घरच्या नळाला पाणी कुठून येतं?’ मी मोठ्या आवाजात उत्तर दिलं होतं, ‘टाकीतून!’ सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘आणि टाकीत कुठून येतं, ते घरी जाऊन शोध.’ बाई, मला ते शोधायला जवळजवळ तीस वर्षं लागली. गृहपाठ उशिरा आणलाय, पण आणलाय.

आपल्यापैकी कुणाचे वडील विमकोत होते, कुणाचे ऑर्डनन्समध्ये, कुणाचे एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीत. अंबरनाथ तेव्हा कारखान्यांचं गाव होतं आणि हे बारवी धरण बांधलंच मुळी एमआयडीसीने, १९७२ च्या सुमारास, कारखान्यांना पाणी हवं म्हणून. घरांना पाणी हा पुढचा भाग. मग घरं वाढत गेली, इतकी की आज कारखान्यांबरोबर अर्धा ठाणे जिल्हा या पाण्याकडे डोळे लावून बसतो. मी गेली पंचवीस वर्षं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो. उल्हासनगरला स्वतःचा असा पाण्याचा स्रोतच नाही. आम्ही जे पितो, ते एमआयडीसीचं पाणी. ते इथून बारवी नदीत सोडतात, बारवी पुढे उल्हास नदीला मिळते, जांभूळला ते उचलून शुद्ध करतात आणि मग मोठ्या जलवाहिन्यांतून आमच्यापर्यंत येतं. गंमत बघा, १९४९ साली फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीला शहराचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा ते नदीवरून दिलं. नाव नदीचं आहे, पण शहराकडे नदीचा एक थेंब उचलायची सोय नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी या नादाला लागलो ती सांगतो. आपल्या वर्गात मुरबाडकडचा एक मुलगा होता. अंबरनाथला मामाकडे राहून शिकायचा. मे महिन्यात गावाहून येताना करवंदांची टोपली आणायचा, तीच सगळ्यांची ओळख. तो आज इथे बसलाय. नाव घेऊ नकोस असं त्याने सकाळीच बजावलंय, म्हणून घेत नाही. त्याचं घर या धरणाच्या वरच्या अंगाला होतं. ‘होतं’ म्हणतोय, कारण धरणाची उंची वाढवली, स्वयंचलित दरवाजे बसवले आणि पाणी पूर्वीपेक्षा चार मीटर वर चढलं. तोंडली, मोहघर, काचकोली अशी गावं-पाडे त्यात गेले. धरणाची क्षमता ३४० दशलक्ष घनमीटरच्या घरात गेली. आपल्या भाषेत चौतीस हजार कोटी लिटर. वर्तमानपत्रात आपण ‘बारवी भरलं’ वाचतो आणि हुश्श करतो. मीही करायचो.

धरण वाढायच्या आधीच्या त्या दिवसांत तो एका सकाळी माझ्याकडे आला होता. काही कागदपत्रांच्या कामासाठी उल्हासनगरला यायचं होतं, म्हणून मुक्कामाला आदल्या रात्रीच आला. सकाळी सहाला आम्ही गॅलरीत चहा घेत होतो आणि वरून, गच्चीवरून, धो धो पाणी पडायला लागलं. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पाऊस नाही, मार्च महिना. तो म्हणाला, ‘पाइप फुटला का रे?’ मी म्हणालो, ‘नाही रे, टाकी भरली. आता वॉचमन मोटर बंद करेल.’ वॉचमनने ती वीस मिनिटांनी बंद केली. ‘रोजचं आहे?’ त्याने विचारलं. मी अगदी सहज म्हणालो, ‘हो, रोजचं. वाहायला लागली की कळतं ना भरली ते.’

तो काही बोलला नाही. चहा संपवला, कपबशी धुऊन ठेवली. निघताना चपला घालता घालता म्हणाला, ‘आमच्याकडं मोजणी झाली. पाणी पडवीपर्यंत येणार म्हणतात.’

बस, एवढंच. टोमणा नव्हता, तो तसा माणूसच नाही. पण मला दिवसभर दुकानात काही सुचेना. मी नळ विकतो. माझ्या दुकानाच्या फळीवर मोटर आपोआप बंद करणारे फ्लोट स्विच पडून होते, आणि माझ्याच बिल्डिंगच्या गच्चीवर नव्हता.

संध्याकाळी मी हिशेब केला. आमची मोटर मिनिटाला साधारण शंभर लिटर पाणी चढवते. वीस मिनिटं म्हणजे दोन हजार लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी मानक आहे. म्हणजे पाच माणसांच्या तीन कुटुंबांचं दिवसाचं पाणी आम्ही गच्चीवरून गटारात सोडत होतो, रोज. वर्षाचे सात लाखांवर लिटर. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर त्र्याहत्तर. आणि त्याच आमच्या सोसायटीने मे महिन्यात पैसे भरून टँकर मागवलेले होते!

फ्लोट स्विच बसवला. पहिला स्वस्तातला होता, चार महिन्यांत अडकला आणि टाकी पुन्हा वाहिली. सोसायटीत म्हणाले, ‘बघा, यापेक्षा वॉचमन बरा.’ मग चांगला आणला आणि एकाऐवजी दोन लावले, एक गच्चीवरच्या टाकीत, एक खालच्या टाकीत, म्हणजे खाली पाणी संपल्यावर मोटर कोरडी फिरून जळत नाही. मोटर जळायची थांबली तेव्हा कमिटीला ते पटलं. पाणी वाचतंय म्हणून कुणाला पटलं नव्हतं, रिवाइंडिंगचा खर्च वाचतोय म्हणून पटलं. माझा त्याला आक्षेप नाही. माणूस ज्या दाराने आत येतो त्या दाराने येऊ द्यावा.

मग नळ. तुम्ही कधी गळका नळ मोजलाय? मी मोजला. दुकानात एक नळ मुद्दाम सैल ठेवला, सेकंदाला एक थेंब पडेल इतका, आणि खाली बादली लावली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला वीस लिटरची बादली भरून वाहत होती. वर्षाला साडेसात हजार लिटर. आमच्या चाळीस घरांत मी एका रविवारी फिरलो, तर अकरा नळ गळत होते. त्यांतल्या नऊ नळांना फक्त वॉशर हवा होता. पाच रुपयांचा वॉशर. लोक काय करतात, नळ गळायला लागला की जोर लावून आवळतात. आवळला की वॉशर आणखी चिरडतो, मग आणखी आवळतात, मग आतली बैठक झिजते आणि शेवटी अख्खा नळ बदलावा लागतो. मला त्यात फायदाच आहे म्हणा. पण खरं ते सांगतो.

नळाच्या तोंडाला जी जाळी लावतात, पाण्यात हवा मिसळणारी, ती मी पहिल्यांदा उत्साहाने सगळीकडे लावली. आमच्या घरातून पहिली तक्रार आली: ‘बादली भरायला दहा मिनिटं लागतात, मला कामावर जायचंय.’ बरोबर होतं तिचं. बादलीला जेवढं पाणी लागतं तेवढंच लागणार, जाळी लावून ते कमी कसं होईल? जाळीचा उपयोग जिथे पाणी हातावरून, भांड्यावरून वाहून जातं तिथे. म्हणजे बेसिन आणि स्वयंपाकघरातली मोरी. बाथरूमच्या नळाच्या मी काढून टाकल्या. साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला बारा-पंधरा लिटर जातात, जाळीने ते निम्म्याच्याही खाली येतं.

संडासाच्या जुन्या फ्लशच्या टाक्या दहा-दहा लिटरच्या असतात. टाकी बदलायची नसेल तर एक लिटरची बाटली रेतीने भरून, झाकण घट्ट लावून आत सोडा. दर वेळी एक लिटर वाचतं. वीट ठेवू नका, कुणीतरी मोबाइलवर वाचून ठेवतो आणि मग तिचा भुगा वॉल्व्हमध्ये अडकून टाकी दिवसभर झिरपते. असे तीन-चार जण माझ्याकडे आलेत.

आता आरओ. हे बोललो तर माझं गिऱ्हाईक कमी होईल, पण बाईंसमोर खोटं बोलायची अजून भीती वाटते. आरओचं यंत्र एक लिटर पाणी प्यायला देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी बाजूच्या नळीतून फेकतं. खारं बोअरवेलचं पाणी असेल तर त्याला इलाज नाही. पण आपलं पाणी डोंगरातलं, नदीचं. त्यात क्षार मुळातच कमी. माझ्याकडे क्षार मोजायचा छोटा मीटर आहे, आमच्या नळाच्या पाण्याला तो दीडशेच्या वर कधी गेलेला मी पाहिला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं की, जिथे हे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली आहेत तिथे आरओला परवानगी नको. आपल्याला गाळ आणि जंतू यांची काळजी घ्यायची आहे. त्याला साधा गाळणीचा आणि अतिनील दिव्याचा फिल्टर पुरतो, किंवा आपल्या आया करायच्या तसं उकळून गाळून घेतलेलं पाणी. घरात आरओ बसलेलाच असेल तर ती बाजूची नळी एका बादलीत सोडा, त्या पाण्याने लादी पुसा, संडासात ओता.

कपडे धुण्याच्या मशीनचं पाणीही मी असंच साठवायला गेलो होतो. मोठा ड्रम आणला, नळी जोडली, फार हुशारी वाटली. दोन दिवसांनी घरभर वास. साबणाचं, मळाचं पाणी साठवायचं नसतं, त्याच दिवशी वापरून टाकायचं असतं. आता फक्त शेवटच्या खळबळीचं पाणी दोन बादल्यांत घेतो आणि संध्याकाळपर्यंत संपवतो. ड्रममध्ये तांदूळ ठेवलेत.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, म्हणून सांगतो: पावसाचं पाणी. आपल्याकडे पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. तीनशे चौरस मीटरची गच्ची असेल तर वाया जाणारं सोडून सहा लाख लिटर पाणी तिच्यावर पडतं. आकडा ऐकला की सगळे खूश होतात. पण ते सगळं चार महिन्यांत पडतं, आणि त्या चार महिन्यांत धरणही भरलेलं असतं. सहा लाख लिटर मे महिन्यापर्यंत ठेवायला टाकी कुठून आणणार? म्हणून आम्ही गच्चीचं पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून सोसायटीच्या बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, गच्चीची धूळ, कबुतरांची घाण त्यात असते. आमची बोअरवेल पूर्वी मार्चअखेर आटायची, आता मेच्या मध्यापर्यंत ओढते. खाली काळा कातळ आहे, सगळीकडे एवढं होईलच असं नाही. शेजारच्या सोसायटीला काहीच फरक पडला नाही, हेही सांगतो.

थोडं पाणी मात्र टाकीतही धरतो, आणि त्याचं कारण वेगळं आहे. २६ जुलै २००५ आठवतोय ना? चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. पुरात नदीकाठचे पंप बंद पडले की भर पावसात प्यायला पाणी नसतं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर माणसं होती तिच्यात, ते तर आपल्या दाराशी घडलं. अशा चार-आठ दिवसांसाठी गच्चीचं पाणी भांडी-संडासाला फार उपयोगी पडतं.

इथपर्यंत येणाऱ्या पाण्याचं झालं. जाणाऱ्या पाण्याचं बोलायला मला जरा लाज वाटते. माझी धाकटी बहीण कल्याणला दिलीय. कल्याणचं पाणी उल्हास नदीतूनच, मोहिलीला उचलतात. आणि उल्हासनगरातला खेमाणी नाला वर्षानुवर्षं त्याच नदीत, त्या उचलायच्या जागेच्या आसपासच पडत होता. तो वळवायची कामं पुढे झाली. आमच्या कॅम्पातलं पाणी वालधुनीला जातं. ज्या वालधुनीकाठी आपल्या अंबरनाथचं साडेनऊशे वर्षांचं शिवमंदिर आहे, तिचं पाणी आपण शाळकरी असतानाही रंगीत दिसायचं, आठवतंय? एका भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, ‘घे, तुमच्याकडूनच आलंय.’ ती थट्टेत म्हणाली. मी पाणी प्यालो.

कारखान्यांवर बोट दाखवणं सोपं आहे, आणि ते दाखवायलाच हवं. पण नदीत जी जलपर्णी माजते, हिरवा गालिचा अंथरल्यासारखी, तिचं खत घराघरांतून जातं. सांडपाणी आणि साबणाचा फेस. आमच्याकडे कपड्यांच्या पावडरचा मोजून अर्धा चमचा कमी केला, आपलं पाणी मऊ आहे, फेस भरपूर येतो, कपडे तितकेच निघतात. तळणीचं तेल मोरीत ओतणं बंद केलं. आई राख आणि नारळाच्या काथ्याने भांडी घासायची, आता राख कुठून आणणार, पण काथ्या आहेच. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची. तिला कुणी पर्यावरण शिकवलं नव्हतं. चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि हंडे तिच्या कमरेवर यायचे, म्हणून तिला प्रत्येक तांब्याची किंमत माहीत होती. मला तिचे दिवस परत नको आहेत. चाळीतल्या कुठल्याही बाईला विचारा, तिलाही नको असतील.

ओल्या कचऱ्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात मी सपशेल आपटलो होतो. सोसायटीत दोन मोठे पिंप ठेवले, चाळीस घरांचं खरकटं त्यात घातलं, तीन आठवड्यांत अळ्या, चिलटं आणि अध्यक्षांचं पत्र. चूक एकच: सगळं ओलं ओलं घातलं. ओल्याच्या बरोबरीने सुकं हवं, वाळलेली पानं, लाकडाचा भुसा. भुसा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पोत्याने मिळतो. वरून आंबट ताक आणि गुळाचं पाणी शिंपडायचं, खालून हवा जायला भोकं. दुसऱ्या खेपेला दहाच घरांनी सुरू केलं. आता सव्वीस आहेत. उरलेली चौदा घरं अजून नाकाला रुमाल लावून जातात, वास नसला तरी.

ज्यांची बदलापूरकडे स्वतःची बंगली आहे, मागे थोडी जागा आहे, त्यांनी पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेचं छोटं बायोगॅस संयंत्र जरूर पाहावं. शेणाच्या जुन्या संयंत्राला जिथे चाळीस किलो शेण लागायचं तिथे दोन किलो खरकट्या पिठूळ अन्नावर भागतं, असं त्यांनी दाखवलं. २००६ साली त्यासाठी त्यांना इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आणि गावाच्या पातळीवरचं काम बघायचं तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांचं ‘निसर्गऋण’ संयंत्र, आपल्या शेजारी माथेरानलाही ते उभं राहिलं.

बाकी, आमच्या उल्हासनगरची सगळे चेष्टा करतात, ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. करा. पण ज्या गावात जळलेला मिक्सर, तुटलेली बॅग, बंद पडलेला पंखा, फाटलेला सोफा यांतलं काहीही दुरुस्त करून मिळतं, त्या गावाकडून शिकण्यासारखं आहे. माझे शेजारी सिंधी काका, वय नव्वदीकडे, त्यांचा टेबलफॅन माझ्या दुकानापेक्षा जुना आहे. ते म्हणतात, ‘आम्ही सगळं टाकून आलो होतो, तेव्हापासून काही टाकवत नाही.’ वस्तू फेकण्याआधी एकदा आमच्याकडे या, एवढंच सांगतो. स्वस्तात होईल. बिल मात्र मागू नका.

आता त्या मित्राचं राहिलं. त्याचं घर गेलं. गावातल्या लोकांना दुसरीकडे जागा मिळाल्या, मोबदल्याचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न पुष्कळ वर्षं चालला, मग बारवीचं पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांनी प्रकल्पग्रस्तांना नोकरीत घ्यायचं असं ठरलं. त्याच्या पुतण्याला अशीच एक नोकरी लागली. कुठे, तर पाणीपुरवठा खात्यात. सकाळी मी त्याला विचारलं, ‘तुझं घर नेमकं कुठे होतं रे?’ त्याने मला गेटपर्यंत नेलं आणि डोंगराच्या दोन सोंडांकडे हात करून म्हणाला, ‘त्या दोन्हींच्या मधे, मागच्या अंगाला. इथून दिसत नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की जोतं दिसतं. आई हयात होती तोवर तिला दर वर्षी घेऊन यायचो.’ मग म्हणाला, ‘तुझ्या बिल्डिंगची टाकी अजून वाहते का?’ मी नाही म्हणालो. ‘बरं झालं,’ म्हणाला, आणि आम्ही नाश्त्याला आलो.

संयोजकांच्या दोन सूचना माझ्याकडे दिल्यात, त्या सांगतो. आज जेवण स्टीलच्या ताटांत आहे, थर्माकोल आणि प्लास्टिक नाही. जेवल्यावर आपापलं ताट आपणच घासायचं आहे, काथ्या आणि बादली विहिरीजवळ ठेवलीय. बाई आणि सर, तुमची ताटं आम्ही घासू, यावर वाद नको. दुसरं, पाण्याच्या बाटल्या मागवलेल्या नाहीत, माठ आहेत. त्यातलं पाणी याच शेताच्या विहिरीचं आहे, उकळून गार केलेलं.

आणि माझ्याकडून एक छोटी भेट. दाराजवळच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाची पुडी आहे. तिच्यात चार वॉशर, एक टेफ्लॉन टेप आणि बेसिनच्या नळाची एक जाळी आहे. वॉशर दोन मापांचे घातलेत, अर्धा इंची नळाला लहान लागतो. आधी खालचा अँगल कॉक बंद करा, तो नसेल तर गच्चीवरची चावी. मग नळाची वरची मूठ काढा, स्पिंडल उलटा फिरवून बाहेर घ्या, खाली काळी चकती दिसेल, ती काढून नवी बसवा. पान्हा नसला तर पक्कड चालते, पण पकडण्याआधी नळावर फडकं गुंडाळा, नाहीतर पॉलिश खरवडून निघेल आणि घरात बोलणी खाल. अडलं तर मला फोन करा. रात्री नऊपर्यंत दुकानात असतो.